मुलीला लॅपटॉप की घरात नवा डेस्कटॉप? बजेट ६० हजार, काहीच ठरत नाहीये

भगवंतनगरी:

नमस्कार मंडळी, बार्शीहून लिहितोय. घरात कॉम्प्युटर घ्यायचाय आणि गेले तीन आठवडे रोज रात्री जेवणं झाली की मोबाइलवर व्हिडिओ बघतोय, एक जण म्हणतो हा घ्या दुसरा म्हणतो चुकूनही घेऊ नका, आता कोणाचंच खरं वाटेना म्हणून इथे विचारतो.

परिस्थिती अशी आहे. मोठी मुलगी यंदा पुण्यात इंजिनिअरिंगला गेली, मेकॅनिकल, पहिलं वर्ष. पहिलं सेमिस्टर मैत्रिणीच्या लॅपटॉपवर आणि कॉलेजच्या लॅबमध्ये काढलं पण लॅब पाचला बंद होते आणि मैत्रिणीकडे तरी किती वेळा मागायचा, तिलाही काम असतंच. धाकटा आठवीत. आणि माझे वडील, वय ७६, रिटायर्ड शिक्षक, गावातले जुने वाडे, तालमी, जत्रा याबद्दल रोज सकाळी दोन तास मराठीत टाइप करत बसतात. त्यांच्या १५ वर्षांच्या फाइली आहेत, सगळ्या शिवाजी फॉन्टमध्ये. त्या गेल्या तर घरात काय होईल ते मला विचारू नका.

सध्या घरात २०१६ ला घेतलेला असेंबल्ड डेस्कटॉप आहे, आय५ सहावी जनरेशन (६४००), ४ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क, विंडोज १०. चालू करून चहा ठेवावा, प्यावा, कप विसळून परत यावं तरी स्क्रीनवर ते गोल फिरतंच असतं. आणि आता मेसेज येतोय की विंडोज १० चा सपोर्ट संपला. दुकानदार म्हणाला हा आता भंगार आहे, बाराशे रुपये देतो.

त्यानेच दोन पर्याय दिलेत. एक म्हणजे नवा असेंबल्ड डेस्कटॉप ५५ हजार, घरात सगळ्यांना होईल आणि मुलगी सुट्टीला आली की वापरेल. दुसरा म्हणजे रायझन ५ ७५२०यू वाला लॅपटॉप, ८ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४१ हजार, तो मुलीला द्यायचा आणि उरलेल्या पैशात घरी एक टॅब. तो म्हणतो रायझन ५ म्हणजे आय५ सारखंच आणि ७००० सिरीज म्हणजे एकदम नवीन. बजेट ६०, फारच झालं तर ६२. काय करू?

सोल्डरगन:

दादा, पहिली गोष्ट म्हणजे तो डेस्कटॉप बाराशेला देऊ नका. मी नाशकात २० वर्षं रिपेअरिंग करतोय, माझ्या टेबलावर येणाऱ्या "स्लो झालाय" मशीनमध्ये निम्म्याहून जास्त वेळा प्रोसेसर ठणठणीत असतो आणि मार खाल्लेला असतो हार्डडिस्कने. तुमचा आय५-६४०० हा चार कोरचा (म्हणजे आत एकाच वेळी काम करणारे चार भाग असलेला) प्रोसेसर आहे, टायपिंग, आठवीचा अभ्यास, यूट्यूब, लाइटबिल भरणं याला आजही पुरून उरतो. पण हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते आणि तिच्यावर एक सुई इकडून तिकडे पळत असते, विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली वेगवेगळ्या जागेवरून उचलायच्या असतात, त्यात सगळा वेळ जातो. वर रॅम ४ जीबी. ती भरली की विंडोज उरलेलं सामान त्याच हार्डडिस्कवर टाकतं, म्हणजे आधीच दमलेल्या बैलाच्या गाडीत अजून दोन पोती. साधी सॅटा एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) टाका आणि रॅम वाढवा, मशीन ओळखू येणार नाही.

रॅम घ्यायच्या आधी मात्र कॅबिनेट उघडून बघा कारण सहाव्या जनरेशनच्या बोर्डात दोन्ही प्रकार यायचे. मेन स्विच बंद, वायर काढा, डाव्या बाजूचा पत्रा मागच्या दोन स्क्रूवर असतो. रॅमच्या पट्टीवर स्टिकर असेल, त्यावर पीसी४ लिहिलेलं असेल तर डीडीआर४, पीसी३ एल असेल तर डीडीआर३ एल. एकाची दुसऱ्यात बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते, जोर लावू नका. रिकामा स्लॉट आहे का तेही बघून सांगा.

आता तो लॅपटॉप. ७५२०यू मधला पहिला ७ बघून नवीन म्हणू नका. रायझनच्या ७००० च्या लॅपटॉप चिपमध्ये पहिला आकडा म्हणजे वर्ष आणि आतली रचना किती जुनी आहे ते तिसऱ्या आकड्यावरून कळतं. ७५२० मध्ये तिसरा २ म्हणजे झेन २, ही रचना बाजारात आली २०१९ ला. चार कोर आहेत. आणि ७५३० मध्ये तिसरा ३, म्हणजे झेन ३, सहा कोर. दिसायला दोन्ही रायझन ५ आणि डब्यावरचं स्टिकरही तेच! त्यातून ७५२०यू बरोबर रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली येते, ८ घेतली तर जन्मभर ८. मेकॅनिकलच्या मुलीला हा देऊ नका, दुसऱ्या वर्षी रडवेल.

तात्पर्य नवा डेस्कटॉप नको आणि हा लॅपटॉपही नको. डेस्कटॉप तुमच्याकडे आहेच, त्यावर पाच-सहा हजार घाला आणि बाकी सगळे पैसे मुलीच्या लॅपटॉपला.

मिनीड्राफ्टर:

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पुण्यातच, त्यामुळे ताईला नक्की काय लागेल ते सांगू शकतो. पहिल्या वर्षी इंजिनिअरिंग ग्राफिक्स मध्ये ऑटोकॅड आणि थोडं प्रोग्रॅमिंग, याला तसं काहीही चालतं. पण दुसऱ्या तिसऱ्या वर्षी सॉलिडवर्क्स किंवा कटिया ही थ्रीडी डिझाइनची सॉफ्टवेअर, मग डिझाइनवरचा ताण-भार तपासायचं ॲन्सिस, तिथे खरी परीक्षा. सॉलिडवर्क्स वाले स्वतःच १६ जीबी रॅम सांगतात आणि माझा अनुभवही तोच आहे, ८ वर मी एक गिअरबॉक्सची असेंब्ली उघडली होती, मागे क्रोम चालू होतं, फाइल सेव्ह करायच्या आधीच सगळं गोठलं आणि रात्री दोनला परत पहिल्यापासून शाफ्ट काढत बसलो. सकाळी नऊला सबमिशन होतं.

म्हणून १६ जीबी हे ठरवूनच टाका, किंवा ८ आणि एक रिकामा स्लॉट. प्रोसेसरचं नाव संपतं तिथे अक्षर बघा. यू म्हणजे बॅटरी वाचवणारा, एच म्हणजे जास्त ताकदीचा. तुमच्या बजेटमध्ये आय५-१३४२०एच १६ जीबी ५१२ वाले मिळतात, मी घेतला असता तर तोच घेतला असता. आठ कोर आहेत. यू मध्येच घ्यायचा झाला तर आय५-१३३४यू किंवा वर सोल्डरगन काकांनी सांगितलेला ७५३०यू.

गेमिंग लॅपटॉप घ्या, वेगळं ग्राफिक्स कार्ड पाहिजेच, असं सगळे सीनियर सांगतील. माझ्या मते चार वर्षांचा अभ्यास त्याच्याशिवाय होतो, कॉलेजचे प्रोजेक्ट म्हणजे काही अख्खं विमान नसतं, आणि ६० हजारात ग्राफिक्स कार्डवाला घ्यायला गेलात तर बाकी सगळीकडे काटछाट केलेला मिळेल. शिवाय तो सव्वादोन अडीच किलो आणि त्याचा चार्जर विटेएवढा, ड्रॉइंग शीटचा कंटेनर आणि ड्राफ्टर आधीच खांद्यावर असतो, पीएमपीच्या बसमध्ये चढून बघा एकदा. १.६ ते १.७ किलोच्या वर जाऊ नका.

सॉफ्टवेअरसाठी कोणाच्या पेनड्राइव्हमधून क्रॅक (चोरीची कॉपी) घेऊ नका प्लीज. ऑटोकॅड बनवणारी ऑटोडेस्क कंपनी विद्यार्थ्यांना ते फुकट देते, कॉलेजचं आयकार्ड अपलोड करायचं, दरवर्षी रिन्यू करायचं. आमच्या रूमवर क्रॅकमधून व्हायरस आला तो तिघांच्या पेनड्राइव्हमध्ये गेला आणि एकाचा पूर्ण सेमिस्टरचा डेटा गेला.

हडसनकाठ:

मी न्यू जर्सीत असतो. माझं मत मॅकबुक एअर. एम४ वाला, बेसमध्येच १६ जीबी रॅम आहे, बॅटरी दिवसभर. भारतात ९९,९०० ला आला होता, इकडे त्यापेक्षा स्वस्त पडतो, कोणी येणारं असेल तर मागवून घ्या.

मिनीड्राफ्टर:

दादा, मशीन भारीच आहे, वादच नाही. पण सॉलिडवर्क्स आणि कटिया मॅकवर चालत नाहीत, विंडोज लागतं. कॉम्प्युटरच्या मुलांना जमतं, मेकॅनिकलवाल्यांचं अडतं. आणि बजेट ६० आहे.

सोल्डरगन:

शिवाय तिकडून विंडोजचा लॅपटॉप आणायचा विचार कोणी करत असेल तर वॉरंटी आंतरराष्ट्रीय आहे का हे आधी कंपनीकडून लेखी घ्या. माझ्याकडे असे दोन आले, बोर्ड गेलेले, इथल्या सर्व्हिस सेंटरने हात लावला नाही.

अनुस्वार:

मी डीटीपी करते, सांगलीला, २२ वर्षं झाली. बाकीचं वर आलंच आहे, मी तुमच्या वडिलांबद्दल लिहिते कारण त्यांच्याकडे कोणीच बघत नाहीये आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतंय.

टॅब त्यांना देऊ नका. रोज दोन तास टाइप करणाऱ्या माणसाला काचेवर बोटं आपटायला लावायची म्हणजे लिहिणं बंद पाडायचं.

शिवाजी फॉन्ट म्हणजे काय भानगड आहे ते समजून घ्या. त्यात फाइलमध्ये मराठी अक्षरं नसतातच, असतात इंग्रजी, फक्त फॉन्टने त्यांना मराठी कपडे घातलेले असतात. फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडलं की सगळा इंग्रजी कचरा दिसतो. म्हणजे उद्या त्यांच्या लेखात "तालीम" शोधायची म्हटलं तरी शोधता येत नाही, नातवाला मोबाइलवर वाचता येत नाही. त्यामुळे दुरुस्तीला हात लावायच्या आधी सगळ्या फाइली आणि त्याबरोबर फॉन्टची फाइलसुद्धा दोन वेगवेगळ्या ठिकाणी कॉपी करा, एक पेनड्राइव्ह आणि एक ऑनलाइन. नऊ वर्षं जुनी हार्डडिस्क आहे, कधी मान टाकेल सांगता येत नाही. फॉन्ट विसरू नका, लोक हमखास विसरतात.

मग सवडीने युनिकोडमध्ये, म्हणजे जिथे फाइलमध्ये खरी मराठी अक्षरंच असतात त्या पद्धतीत, रूपांतर करा. शिवाजीचे कन्व्हर्टर मिळतात, फुकट आहेत. पण डोळे मिटून विश्वास ठेवू नका, रफार आणि जोडाक्षरं तपासावीच लागतात, विशेषतः आचार्यांना आणि आचाऱ्यांना, सूर्या आणि सुऱ्या, इथे घोळ होतो. मूळ फाइल कधीही पुसायची नाही.

टायपिंगचं म्हणाल तर शिवाजीत इंग्रजी अक्षरांवरच मराठी बसवलेलं असतं, त्यामुळे त्यांना इनस्क्रिप्ट (वेगळ्याच मांडणीचा मराठी कीबोर्ड) शिकवायचा हट्ट धरू नका, विंडोज १० मध्ये २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबायचा) कीबोर्ड आहे तो लावून द्या. एक सवय मात्र मोडावी लागेल. शिवाजीत पहिली वेलांटी आधी दाबायची आणि मग अक्षर. युनिकोडमध्ये आधी अक्षर आणि मग वेलांटी. पहिले आठ दिवस "किल्ला" लिहिताना चिडतील, मग हात बसतो. माझ्या सासऱ्यांना १० दिवस लागले, ते ७९ चे होते.

आणि त्या सपोर्टच्या मेसेजला घाबरू नका. १४ ऑक्टोबर २०२५ ला सपोर्ट संपला हे खरं, आणि तुमचा सहाव्या जनरेशनचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही हेही खरं, इंटेलमध्ये आठव्यापासून पुढे लागतं. पण घरगुती वापरासाठी अजून एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेचे अपडेट मिळतात. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर त्याची लिंक येते, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर फुकट, नाहीतर ३० डॉलर. व्हर्जन २२एच२ लागतं, विनव्हर टाइप केलं की दिसतं. हे वर्ष वडिलांच्या हाताला नवा कीबोर्ड बसवायला वापरा, म्हणजे पुढच्या दिवाळीला विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाकली तरी त्यांना फारसा फरक वाटणार नाही.

सोल्डरगन:

अनुस्वारताई, मी तर म्हणतो मिंट आत्ताच टाका. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, वर्डसारखं लिब्रेऑफिस आतच येतं, आठवीच्या मुलालाही शिकायला बरं. दोनदा कशाला बदलायचं?

अनुस्वार:

७६ वर्षांच्या माणसाचं एका दिवसात फॉन्ट, कीबोर्ड आणि अख्खी स्क्रीन तिन्ही बदलायचं नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. तुमच्या टेबलावर मशीन येतं, माझ्याकडे असे लेखक येतात, एकदा बुजले की परत वहीकडे जातात आणि मग ते टाइप कोणीच करत नाही.

सोल्डरगन:

हे पटलं. मग एसएसडीवर विंडोज १० च राहू द्या.

भगवंतनगरी:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. आज रविवार, कॅबिनेट उघडलं. आत बोटभर धूळ, पंख्याच्या पात्यांवर तर नमदा बसलेला, आणि खाली कोपऱ्यात पालीची दोन अंडी, धाकटा ओरडत पळाला. ब्रशने साफ केलं. रॅमच्या पट्टीवर पीसी४ लिहिलंय, शेजारचा स्लॉट रिकामा आहे. अनुस्वारताई, त्याआधी काल रात्रीच वडिलांच्या फाइली फॉन्टसकट दोन ठिकाणी घेतल्या, ३४० निघाल्या.

आता दोन अडचणी. एक, सोलापुरात रॅमचा भाव विचारला तर आठ जीबीच्या नव्या पट्टीला जे सांगितलं ते ऐकून फोन ठेवला, चार महिन्यांपूर्वी मित्राने निम्म्याहून कमीत घेतली होती. हा मला फसवतोय का? दोन, मुलीचा लॅपटॉप ऑनलाइन घेऊ की पुण्यात दुकानातून? मेव्हण्याने मागे ऑनलाइन घेतला तर डब्यात कोणीतरी वापरलेला निघाला, परत करायला दीड महिना गेला.

सोल्डरगन:

फसवत नाहीये, भाव खरंच चढलेत. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी इतकी लागतेय की कारखाने त्यांचंच काम आधी करतायत, घरगुती गिऱ्हाइकाला मागे उरेल ते. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला मायक्रॉन या मेमरी कंपनीने तर जाहीरच केलं की क्रुशियल नावाने दुकानात विकायचा धंदाच बंद करतोय. म्हणूनच लॅपटॉप घेताना "८ चा घेऊ, नंतर वाढवू" हा हिशोब सध्या करू नका, १६ वाला आत्ताच घ्या, आणि नवीन स्टॉक महाग येण्याआधी घ्या.

डेस्कटॉपला नवी पट्टी नको. जुनी ८ जीबी डीडीआर४ कोणत्याही रिपेअरवाल्याकडे मिळेल, रॅम अशी झिजत नाही, लावून मेमरी टेस्ट चालवायची आणि महिनाभराची बोलीवर गॅरंटी घ्यायची. एसएसडी मात्र नवीनच घ्या, बिलासकट. तिला लिहिण्याची मर्यादा असते आणि जुनीने किती सोसलंय ते वरून दिसत नाही. जुनी हार्डडिस्क काढू नका, साठवणीला राहू द्या, पण जे एकुलतं एक आहे ते तिच्यावर ठेवू नका.

दुकान की ऑनलाइन, मुलगी पुण्यात आहे तर तिने दुकानात जाऊन कीबोर्डवर हात फिरवून बघावा, स्क्रीन बाजूने बघावी. आयपीएस प्रकारची असेल तर कडेने रंग उडत नाहीत. भाव हजार दीड हजार जास्त पडला तरी चालेल. सर्व्हिस सेंटरही तिकडेच जवळ असेल. ऑनलाइन घेतलाच तर सील फोडण्यापासून व्हिडिओ काढा, मध्ये कट नको. दोन्हीकडे पहिल्याच दिवशी डब्यावरचा, मशीनखालचा आणि बिलावरचा सीरियल नंबर एकच आहे का बघा आणि तो कंपनीच्या वेबसाइटवर टाका, वॉरंटी आधीच सुरू झालेली दिसली तर मशीन कोणाच्या तरी हातून आलंय. बॅटरीचा रिपोर्टही काढा. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट. त्यात मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण चार्जची क्षमता दिसते, नव्या मशीनमध्ये दोन्ही जवळजवळ सारखे आणि सायकल काउंट (बॅटरी किती वेळा पूर्ण वापरून झाली तो आकडा) अगदी थोडा पाहिजे. काही वाकडं निघालं आणि दुकानदार ऐकेना तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

मिनीड्राफ्टर:

आणि बिल घेताना एमएस ऑफिस आयुष्यभराचं आहे की वर्षाचं ते विचारा. रूमवर एकच थ्री पिन सॉकेट असेल तर ताईला स्पाइकगार्ड घेऊन द्या.

भगवंतनगरी:

बारा दिवसांनी लिहितोय. एसएसडी ३,२०० ला, जुनी ८ जीबी पट्टी १,८०० ला, रिपेअरवाल्याने बसवून विंडोज टाकायचे ५०० घेतले. आता बटण दाबल्यापासून २२ सेकंदांत स्क्रीन येते, मी मोबाइलवर वेळ लावून मोजलं. वडील पहिल्या दिवशी म्हणाले अरे हा बंद का पडला, कारण आवाजच येत नाही त्याचा.

मुलीने पुण्यात तीन दुकानं फिरून १३४२०एच, १६ जीबी, ५१२ वाला घेतला, ५४ हजारला, १.६ किलो. सीरियल नंबर जुळला, बॅटरीची सायकल २ दाखवतेय. तिने फोनवर स्वतः सगळं वाचून दाखवलं. एकूण ५९,५०० झाले.

वडिलांचे ११ लेख युनिकोडमध्ये गेलेत. रफार तपासायचं काम त्यांनीच अंगावर घेतलंय, लाल पेन घेऊन प्रिंटवर बसतात, शाळेत पेपर तपासायचे तसेच. वेलांटीला चिडतायत. अनुस्वारताई, त्यांचा एकच प्रश्न आहे, "ज्ञ" फोनेटिकमध्ये कुठून काढायचा?

अनुस्वार:

जोडाक्षरच आहे ते, ज, मग हलन्त, मग ञ, म्हणजे "ज्ञ" आपोआप जुळतं. ञ साठी कोणती कळ आहे ते कीबोर्डच्या तक्त्यात बघा आणि तो मोठ्या अक्षरात छापून मॉनिटरशेजारी चिकटवा. आणि त्यांना सांगा तालमीचा लेख झाला की मला वाचायला पाठवा.